मोटार चालू आहे की बंद

मु. दरेवाडी, पो. बामणोली, ता. जावळी, जि. सातारा
१८ एप्रिल २०२५

अमृता, रामराम.

आल्या बाबा एकदाच्या नव्या मोटारी. दोन आहेत. एक मोठ्या बोटीला, वीस माणसांच्या, आणि एक लहानीला. तू म्हणशील, हा गडी तब्येत विचारत नाही, नातवंडांचं विचारत नाही, पहिल्याच ओळीत मोटारी घेऊन बसला. पण आठ दिवस झाले, मला दुसरं काही सुचतच नाही. रंगू म्हणते, "दुसरं लगीन केलं आसतं तरी बायकूकडं येवढं बघितलं नसतं."

आपल्या पलटणीतली ओबीएम आठवते ना? होडीच्या मागे लावायची ती मोटार. मोठ्या साहेबापासून लंगरमधल्या स्वयंपाक्यापर्यंत सगळे तिला ओबीएमच म्हणायचे. दोरी ओढून खांदा निखळायचा, पण एकदा धरली की कसली गर्जायची! इथे कोयनेच्या पाण्यावर मी बावीस वर्षं तसलीच चालवली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, दोरी ओढायची, निळा धूर आणि कानठळ्या. पलीकडच्या माणसाला चहा पिऊन, चप्पल घालून, निवांत खाली यायला वेळ मिळायचा, इतक्या लांबून आमची बोट कळायची.

आता ही नवी बघ. दोरी नाही, किल्ली. ऑइल मिसळायचं नाही, ते आत वेगळं. माझा हात रोज सकाळी ऑइलच्या मापाकडे जातो आणि लाजून मागे येतो. धूर नाही, वास नाही आणि अमृता, आवाजच नाही! किल्ली फिरवली, थांबलो, काही नाही. परत फिरवली. तर रंगूने हातावर फटका मारला. "आवं, चालू हाय की ती! कशी खरवडतीय बघा!" चालू मोटारीला परत किल्ली मारली की आतले दाते खरवडतात म्हणे. आठवड्यात चारदा हेच झालं. आता मी मागे वाकून पंख्याजवळचं पाणी बघतो. हललं तर चालू, नाहीतर बंद.

साताऱ्याहून बसवायला आलेला मेकॅनिक मोठ्या अभिमानाने म्हणाला, "मांजरीगत चालते." मांजर घरात बरी. माणसं घेऊन पाण्यावर जायचं तर आपली मोटार जिवंत आहे की मेली, एवढं तरी कळायला नको?

तरी घेतल्या, कारण दुसरा इलाज नव्हता. गेल्या पावसाळ्यात जुनी तीन वेळा मधोमध बंद पडली. पलीकडच्या सात वाड्यांना धड रस्ता नाही, फोनला रेंज नाही. दवाखाना, रेशन, बाजार, सगळं या पाण्यावरून. तिकडचा माणूस काठावर येऊन हाळी देतो, "बोऽऽट आणाऽऽ" आणि मी जातो. कोणाची हाळी आहे ते आवाजावरून सांगावं तर आकारामनेच, असं लोक म्हणतात. हंगाम संपला की फिरायला येणाऱ्यांच्या बोटी काठाला लागतात. मग जून ते सप्टेंबर सात वाड्या आणि माझी बोट, एवढंच. यंदा परवानाही नव्याने करायचा आहे. म्हणून विचारतो, तू मोटारींतला माणूस. या नव्या मोटारी अशाच मुक्या असतात, की मला खराब माल मिळाला?

लवकर लिही. रोज पहाटे उठतो, काठावर जाऊन मोटारीवर हात ठेवून उभा राहतो आणि परत येतो. कशातच जीव रमत नाही.

तुझा
आकाराम


माधवनगर, सांगली
२९ एप्रिल २०२५

आकाराम, रामराम.

तुझं पत्र दुकानात आलं तेव्हा मी उसाच्या पंपाची मोटार उघडून बसलो होतो. ग्रीसच्या हातानेच फोडलं, म्हणून आता त्यावर माझे ठसे आहेत. सूनबाई सोनिया विचारते, "आबा, आता पत्रं कोण लिहितं हो?" म्हटलं, आमचा आकाराम लिहितो, मग मला लिहिणं भाग आहे.

तुझा माल खराब नाही. नव्या मोटारी शांतच असतात. आमच्याकडे कृष्णेला पूर आला की ज्या बोटी सोडतात त्यांना तसल्याच बसवल्यात आणि त्यातल्या चार माझ्याकडे सर्व्हिसिंगला येतात. पण अगदी मुक्या म्हणशील तर तसंही नाही. वीस फुटांवरून मला तिची घरघर नीट ऐकू येते. तुला मोटारीशेजारी बसून ऐकू येत नाही म्हणतोस, याचं जरा नवल वाटलं. पाण्यावर वारा फार असेल.

दोन गोष्टी मात्र सांभाळ. मोटारीच्या मागून पाण्याची बारीक धार पडते, तिच्याकडे लक्ष ठेव. आपले उस्ताद काय म्हणायचे? "मोटर मूतनी चाहिए." धार थांबली की समज, पाणी ओढायचं भोक तुंबलं आणि मोटार तापणार. दुसरी गोष्ट, तापली किंवा ऑइल उतरलं की या नव्या मोटारी पीं पीं पीं असं वाजतात. बारीक आवाज असतो, पण न थांबता वाजतो. तो ऐकलास की त्याच क्षणी बंद कर. नाही केलीस तर ती आपोआप वेग उतरवते, आणि तरी रेटलीस तर जाम होईल. मग वीस माणसं हाताने वल्हवत आण.

आणि तुझ्या जुन्या मोटारीचं कौतुक मला सांगू नकोस. नऊ वर्षांपूर्वी तुझ्याकडे दोन दिवस राहून आलो, तर पुढे आठवडाभर कानात घुंई घुंई. वहिनींच्या हातची नाचणीची भाकरी मात्र अजून आठवते. त्यांना नमस्कार सांग. आणि पहाटे उठून मोटारीवर हात ठेवून उभा राहत जाऊ नकोस, लोक म्हणतील म्हाताऱ्याला लागीर झालं.

अमृत


दरेवाडी
१२ मे २०२५

अमृता,

तू सांगितलंस ते सगळं केलं आणि तरी माझी फजिती झाली. परवा मोठी बोट घेऊन पलीकडून येत होतो. बारा माणसं, दोन शेळ्या. मे महिना, पाणी पार खाली गेलेलं, जुन्या शेतांचे बांध उघडे पडलेत. पंखा दगडाला लागेल म्हणून माझं सगळं लक्ष पुढे. अर्ध्यात आलो तर मोटारीचा जोरच गेला. दांडा पिळतोय, बोट पुढे जाईना. शेवटी मागे वळून बघतो तर धार बंद, झाकण तव्यासारखं गरम. पाणी ओढायच्या भोकात प्लास्टिकची पिशवी अडकली होती.

पण मला सांग, ती तुझी पीं पीं कुठे गेली? वाजलीच नाही! तुझ्या भरवशावर राहिलो. दुसऱ्या मोटारीचीही वाजत नसणार, म्हणजे दोन्ही नग खराब. मी साताऱ्याच्या दुकानदाराला तक्रार लिहितो आहे आणि मला तुझाही एक कागद पाहिजे. "मी या धंद्यात अमुक वर्षं आहे, शिट्टी न वाजणं हा मोटारीचा दोष आहे", असं चार ओळींत लिहून सही-शिक्का मारून पाठव. पावसाळा तीन आठवड्यांवर आला. धुक्यात अशी मोटार घेऊन मी माणसं कशी नेऊ?

गंमत म्हणजे बोटीतले लोकही हल्ली विचित्र वागतात. परवा सगळे माझ्याकडे टकामका बघत होते, पण एकाच्याही तोंडातून शब्द नाही. पूर्वी असे नव्हते. मोटार नवी आली आणि माणसंही बदलली. रंगूने तर नवीनच खूळ घेतलंय. रोज बोटीत येऊन बसते, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून. काम सोडून का येतेस म्हटलं, तर म्हणते पाण्यावर दमा हलका वाटतो. हिला दमा कधी झाला ते मला ठाऊक नाही.

झोप नाही. जेवणावर वासना नाही. दिवसातून दहा वेळा घाट उतरतो आणि चढतो. कागद लवकर पाठव.

आकाराम


दरेवाडी
१५ मे २०२५

अमृतभावजींना रंगूचा नमस्कार.

माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या. सातवीनंतर आज लिहितेय. हे पत्र यांना न सांगता पोस्टमन भाऊसोच्या हातात देणार आहे, तेव्हा उत्तर मला पाठवू नका.

भावजी, शिट्टी वाजली होती. चांगली वाजली. मी तेवढी त्या दिवशी बोटीत नव्हते, माझा पाय मुरगळला होता. पण बारा माणसांनी ऐकली. दोघा-तिघांनी यांना हाक मारली. यांनी मान हलवली आणि बोट पुढे नेली. लोकांना वाटलं, मालकांना माहीत असेल. यांना कमी ऐकू येतं, भावजी. आज नाही, चार वर्षं झाली. बारीक आवाज तर अजिबातच नाही. फोन आला की माझ्या हातात देतात आणि म्हणतात, तूच बोल, मला कंटाळा येतो. तुम्हाला वाटत असेल, मित्राला पत्र लिहायची हौस आहे. हौस कसली, फोनवर तुमचा आवाज कळत नाही म्हणून लिहितात.

पलीकडून हाळी आली की मी परड्यात असले तरी कान तिकडेच असतो. मी घरात येऊन सहज बोलल्यासारखं म्हणते, "वरच्या वाडीचं कोण तरी आलंय वाटतं." मग हे बोट काढतात आणि पलीकडे जाऊन सांगतात, तुझी हाळी मी बरोबर ओळखली. मी कधी बोलले नाही. एवढा मोठा माणूस, पलटणीत मान होता, त्यांना कसं तोंडावर सांगू?

जुनी मोटार होती तेव्हा चाललं. तिच्या गोंगाटात कुणालाच कुणाचं ऐकू यायचं नाही. सगळे गप्प बसायचे, खुणा करायचे, तेव्हा हे सगळ्यांच्या बरोबरीचे होते. आता ही नवी मोटार आली आणि बोटीत माणसं बोलायला लागली. पाहुणे, पाऊसपाणी, लग्नं, सगळी बोलतात, हसतात. हे एकटे मागे दांडा धरून बसतात. कुणी हसलं की हेही हसतात, पण उशिरा. मला ते बघवत नाही हो.

पाऊस लागला की हात पुढे केला तरी दिसत नाही असलं धुकं असतं. तेव्हा पाण्यावर सगळं कानावर चालतं. मी रोज शेजारी बसते, हाळी आली की गुडघा दाबते. पण मी किती दिवस पुरणार? तुमचं ते ऐकतील. काहीतरी करून त्यांना समजवा, नाहीतर यंदा माणूस जाईल. मी लिहिलं हे कळू देऊ नका.

रंगू


माधवनगर
२६ मे २०२५

आकाराम, रामराम.

कागद पाठवायला मला हरकत नाही, पण मोटार बघितल्याशिवाय शिक्का मारणं बरं नव्हे. तूच चार दिवस इकडे ये. आमच्याकडे पुराच्या बोटींची तयारी चालू आहे, नव्या मोटारींवर सगळं समजावून सांगतो. आणि आलाच आहेस तर मिरजेला एक चांगले डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू. म्हणजे सहज, सगळंच तपासून घेऊ. साखर, डोळे, कान, जे काय असेल ते. या वयात माणसाने वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करावं. मोटारीचं करतो, मग स्वतःचं का नाही?

तोवर एक कर. एकट्याने बोट काढू नकोस. वहिनींना पाण्याची हवा मानवते तर येऊ देत जा बोटीत. दम्याला ती चांगलीच असते.

अमृत


दरेवाडी
४ जून २०२५

अमृत,

सुरुवातीला रामराम घालत नाही, राग येऊ दे आला तर.

साखर, डोळे, कान. आणि रंगूचा दमा. तुला काय वाटलं, मला कळणार नाही? भाऊसो पोस्टमनने चारचौघांत विचारलं, "वहिनी, सांगलीच्या पत्राचं उत्तर आलं का वं?" रंगूचं तोंड पडलं आणि सगळं उघडं झालं. माझी बायको आणि माझा मित्र, दोघं मिळून माझ्या पाठीमागे पत्रं लिहितात. छान.

तू मला मोटारीत खोट नाही म्हणालास, म्हणून मी स्वतः ती काढून जीपमधून साताऱ्याला नेली. दुकानात पाण्याच्या पिंपात उभी केली. मेकॅनिकने वायर जोडली आणि म्हणाला, "वाजली बघा." मालक म्हणाला, "वाजतीय की." चहा घेऊन आलेला माणूससुद्धा म्हणाला, "लय कर्कश हाय." मी ऐकत होतो, अमृत. जीव कानात आणून ऐकत होतो. काही नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी मान हलवली आणि म्हणालो, हां, वाजतीय. मोटार परत जीपमध्ये घातली.

झालं समाधान? लिहून दिलं तुला. पण बोट मी सोडणार नाही. सातही वाड्या मला हाक मारतात. एकदा लोकांना कळलं की परवान्याचं काही खरं नाही आणि मग मी कोण? घाटावर पिशवी घेऊन बसणारा म्हातारा. तसं बसून मला जगायचं नाही. पाण्याची खोली मला डोळे मिटून कळते, वारा मला गालाला कळतो. दोन कान गेले तर बाकीचं अंग मेलं का?

रंगूला सांगितलंय, उद्यापासून बोटीत पाय ठेवायचा नाही. मला तुमच्या कुणाचा गुडघा नको.

आकाराम


माधवनगर
११ जून २०२५

आकाराम,

शिव्या दे, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच.

मी तुला खोटं लिहिलं. वीस फुटांवरून घरघर ऐकू येते म्हणालो ना? मला यंत्राशिवाय पाच फुटांवरून येत नाही. दोन वर्षं झाली, दोन्ही कानांत मशीन घालतो. बाहेर जाताना वरून मफलर गुंडाळतो, भर उन्हाळ्यात. गावातल्या लोकांना वाटतं, अमृतला थंडी फार वाजते. मुलाच्या लग्नाच्या वाढदिवसाला काढून खिशात ठेवली आणि दोन तास नुसता हसत बसलो. फोटोत मी सगळ्यांत आनंदी दिसतो.

तू पत्र लिहितोस म्हणून मी लिहितो, असं सोनियाला सांगतो. तेही खोटं. फोन मलाही नको असतो. तुझं पत्र आलं की मला वाटायचं, बरं झालं, याला पत्रांची हौस आहे, माझं झाकलं राहतं. आपण दोघं एकमेकांना फसवत बसलो, आकाराम. आठवतंय ना? एकाच बोटीवर, एकाच ओबीएमच्या दोन अंगांना आपण दोघं. कानात बोळा घालणारा गडी आपण बायल्या समजायचो. दोघांचं एकदमच जाणार होतं.

मी दोन वर्षांपूर्वी मशीन का घेतली ते तुला कधी सांगितलं नाही. दुकानात पंपाची मोटार चालू होती आणि मला वाटलं बंद आहे. हात घातला. डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून नाहीत. तुला लिहिताना उजवा हात लागतो, म्हणून तुला कळलं नाही. माझी बोटं माझी होती. तुझ्या बोटीत लोकांची माणसं असतात.

बोट सोड असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, धुक्यात एकटा जाऊ नकोस. वहिनींना बोटीत घे. त्यांच्यावर रागवण्यासारखं त्यांनी काही केलेलं नाही, घाबरल्या म्हणून लिहिलं. मी पाया पडतो तुझ्या.

अमृत


माधवनगर
५ जुलै २०२५

आकाराम,

तीन आठवडे उलटून गेले, तुझं अक्षर नाही. इथे कृष्णा पात्राबाहेर येऊ बघतेय, बोटी तयार ठेवायला सांगितल्यात, मला दुकान सोडता येत नाही. नाहीतर एसटीत बसून आलोच असतो. पेपरात जावळीचं नाव दिसलं की हातातलं काम टाकतो. वाचून बघतो तर दरड, नाहीतर शाळेला सुट्टी.

रागावला असशील तर राग लिही. दोन ओळी पुरे. तू आहेस, वहिनी आहेत, बोट आहे, एवढं कळव. मी रोज पोस्टात जाऊन विचारतो. तिथला माणूस आता मला लांबून बघूनच हात हलवतो.

अमृत


दरेवाडी
१४ जुलै २०२५

अमृता, रामराम.

आम्ही सगळे आहोत. आधी तेवढं वाच आणि श्वास सोड.

तुझं अकरा तारखेचं पत्र वाचलं होतं. तीनदा वाचलं. पण वाचून मला आणखी राग आला, कारण तू खरं लिहिलं होतंस. पत्र खिशात ठेवलं आणि सत्तावीस तारखेला, शुक्रवारी, तसाच बोटीवर गेलो. धुकं असं की बोटीचं नाक दिसत नव्हतं. रंगू छत्री घेऊन घाटावर आली. मी म्हटलं, घरी जा. ती म्हणाली, "एक दिस तरी ऐका माजं." मी दोर सोडला.

पलीकडून अकरा माणसं घेतली. तुला माहीत नसेल, धुक्यात आमच्याकडे पाण्यावर असलेला प्रत्येक जण थोड्या थोड्या वेळाने हाळी देत राहतो. आपण कुठे आहोत ते दुसऱ्याला कळावं म्हणून. दगडाबाई म्हणून पलीकडची एक आक्का आहे, सत्तरीची. स्वतःची छोटी होडी वल्हवते, वैरण आणते. ती त्या दिवशी पाण्यात होती आणि रिवाजाप्रमाणे हाळी देत होती. बोटीतल्या लोकांना ती ऐकू गेली. एक जण मागे वळून मला काहीतरी म्हणाला आणि डावीकडे हात केला. मी मान हलवली. अमृता, मी डावीकडे वळवली बोट. मला वाटलं, तिकडे जा म्हणतोय.

जुनी मोटार असती तर आक्काला आमची बोट अर्ध्या कोसावरून कळली असती आणि ती बाजूला झाली असती. या मोटारीचं तिला काही कळलं नाही आणि तिचं मला काही कळलं नाही. मी बघितलं तेव्हा होडी हातभर लांब होती. धडकलो. होडी उलटली, वैरणीचा भारा पाण्यावर पसरला आणि आक्का दिसेना. मी मोटार बंद करायची लाल दोरी उपटली आणि उडी टाकली. कपड्याचा काठ हाताला लागला. दोघांनी वरून ओढली तिला. उजवा हात खांद्याखाली मोडला होता.

बोटीत टेकवून बसवली. ओली, कापत होती, तोंडातून पाणी येत होतं, आणि पहिलं वाक्य काय म्हणाली असेल? "आकाराम, घसा फुटंस्तवर हाळी देत हुते. बहिरा झालास का रं?" या वेळी ती माझ्या तोंडासमोर होती, ओठ दिसत होते, मला सगळं कळलं.

मी म्हणालो, "व्हय आक्का. बहिरा झालोय. चार वर्सं झाली."

अकरा माणसं ऐकत होती. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि बोलून झाल्यावर एवढं हलकंही कधी वाटलं नव्हतं. आक्काने चांगल्या हाताने तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाली, "मग सांगायचं हुतं की, मुडद्या. आमी फडकं हलवलं आसतं."

इतकंच. सात वाड्यांतलं कोणी परवान्याचं बोललं नाही, कोणी बोट काढून घ्यायला आलं नाही. मी चार वर्षं कशाला भीत होतो तेच मला कळेना. मी काठाला आलो तेव्हा रंगू तिथेच होती, छत्री मिटून भिजत उभी. मी तिच्यासमोर घाटावर बसून रडलो, अमृता. सगळ्यांदेखत. तिने पदराने माझं डोकं पुसलं आणि आक्काला घेऊन जीपमध्ये बसली. हात जोडलाय, दीड महिना प्लास्टर आहे. आक्काची होडी मी नवी करून देतोय आणि तोवर तिची वैरण माझ्या बोटीतून जाते.

बोटीचं ठरलं ते सांगतो. मी दांडा सोडला. परवान्यासाठी रंगूचं नाव दिलंय. मी परवान्याच्या साहेबांपुढे जाऊन सांगितलं, मला ऐकू येत नाही, माझी बायको चालवील, पाणी मी तिला शिकवीन. ते आधी हसले, मग पाणी बघायला आले, मग हसले नाहीत. पंधरा दिवस मी शेजारी बसून शिकवलं. गुडघ्याला गुडघा लावून. खोली कुठे, दगड कुठे, वारा फिरला की काय करायचं. ती माझ्यापेक्षा हळू नेते आणि धडकन काठाला लावत नाही. पलीकडच्यांनी काठावर वेळूला भगवं फडकं बांधलंय, दिवसा मीही बघू शकतो. धुकं असेल तेव्हा कान तिचे. पुढच्या महिन्यात मिरजेला येतो, तुझ्या त्या डॉक्टरांकडे. मफलर घालून येणार नाही आणि तूही घालू नकोस, नाहीतर एसटी स्टँडवरूनच परत जाईन. तुझी बोटं बघायची आहेत मला. तू मला ते दोन वर्षं सांगितलं नाहीस याचा जाब विचारणार आहे.

काल ती पहिल्यांदा एकटी गेली. सहा माणसं होती. माझा सगळा दिवस घाटावर जाणार हे सकाळपासून ठाऊक होतं, तरी बोट सुटली तेव्हा मी दोन पावलं पाण्यात उतरलो. पन्नासेक हात गेल्यावर ती वळली आणि मला काहीतरी म्हणाली. मी ओरडलो, "काय?" ती परत म्हणाली. मी परत, "काऽऽय?" घाटावरची माणसं बघायला लागली. मी तोंडाभोवती हात धरले आणि अख्ख्या खोऱ्याला कळेल असा ओरडलो, "रंगूऽऽ, मला ऐकू येत न्हाईऽऽ!"

तिने मोटार बंद केली, बोट मागे वळवली, वल्ह्याने थेट माझ्यासमोर आणली आणि माझ्याकडे बघून सावकाश म्हणाली, "झाकून ठेवलंय. जेवून घ्या, म्हणते."

आकाराम